बिनधुराचं इंजिन

लिहायला बसण्याआधी माफी मागावीशी वाटते. आमच्या घराण्यात कुणी कधी पुस्तक लिहिलेलं नाही, वाचलेलीही फार नाहीत. आजोबा गिरणीत होते, बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रांना तेल घालायच्या कामावर, आणि कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मी. एवढ्याने कुणाला स्वतःविषयी पानंच्या पानं लिहायचा हक्क मिळत नाही, हे मला कळतं. शिवाय जे सांगायचं आहे ते मुळात माझं नाहीच, माझ्या दादाचं आहे. त्याला लिही म्हटलं असतं तर त्याने हसून हात पुसायला फडकं शोधलं असतं. त्याच्या वतीने बोलायचं काम तेव्हाही माझ्याकडेच होतं, म्हणून आताही मीच करतो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या बाजूला बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याचा आडोसा. सकाळ आईच्या तव्याने व्हायची. घावण्याचं पीठ तव्यावर पडलं की जो चर्र आवाज येतो तो ऐकल्याशिवाय मला जाग यायची नाही, आणि आजही कुठल्या उपाहारगृहात तो आवाज आला की क्षणभर मला माझं वय कळत नाही. रात्री बहुतेक कुळथाची पिठी आणि भात, बरोबर कांद्यात परतलेली सुकट. दादाच्या हाताला रॉकेलचा वास यायचा म्हणून आई त्याच्यासाठी कपडे धुवायचा साबण मोरीत वेगळा ठेवायची. तो हात धुऊन ताटावर बसला तरी वास यायचाच. "विनू, सुकटीचो वास येत नाय रे तुझ्यामुळे," आई म्हणायची, आणि दादा मुद्दाम हात तिच्या नाकाजवळ न्यायचा. मालवणी बोलायचे आई-बाबा. आम्ही दोघे भाऊ मुंबईचं बोलायचो. ते आम्हाला कळायचं, आमचं त्यांना कळायचं, कधी अडलं नाही.

दादाचं नाव विनायक. दहावीनंतर त्याने आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा कोर्स केला, दोन-तीन गॅरेजांत राबला आणि मग मुलुंडच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटीत मागच्या बाजूचा गाळा भाड्याने घेतला. स्कूटर, रिक्षा, टुरिस्ट गाड्या, जे येईल ते करायचा. पण त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. बोरिवलीच्या एका डॉक्टरांकडे दोन सीटची एक जपानी गाडी होती, छोटीशी, बसकी, वरचं कापडी छप्पर मागे दुमडणारी. एका पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी भरलं आणि ती गाडी दोन दिवस पाण्यात राहिली. इंजिन जाम झालं. डॉक्टर मुलाकडे परदेशी जायला निघाले होते, जाताना ते दादाला म्हणाले, घेऊन जा, इथे गंजण्यापेक्षा तुझ्याकडे गंजू दे. आम्ही ती टो करून आणली. इतकी हलकी होती की गाळ्यात ढकलताना एकट्या आईचा हात लागला असता तरी चाललं असतं. तिचं बॉनेट दादा एका हाताने उचलायचा आणि दर वेळी माझ्याकडे बघायचा, जणू मी ते पहिल्यांदा बघतोय.

तिच्यात रोटरी इंजिन बसवायचं हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला नक्की माहीत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जपानहून कापून आलेल्या गाड्यांचे पुढचे अर्धे भाग यायचे, त्यात त्याला ते दिसलं. गिअरबॉक्ससकट. टेम्पोतून उतरवताना आम्ही चौघांनी ते बांबूला बांधून उचललं. उघडलं तेव्हा मी कॉलेजातून येऊन गाळ्यातच होतो. आत पिस्टन नव्हते. आठाच्या आकड्यासारखी पोकळी, तिच्यात फुगीर बाजूंचा लोखंडी त्रिकोण, आणि तो त्रिकोण गोल गोल फिरतो, झालं इंजिन. डबा द्यायला आलेल्या आईने वाकून बघितलं. "ह्या इंजिन की समोसो?" दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढचे कित्येक महिने त्या रोटरला आमच्या गाळ्यात समोसाच म्हणायचे. बाजूच्या गाळ्यातला लेथवाला पांडेही म्हणायचा, "विनूभाई, समोसा तल गया क्या?"

आमची वाटणी साधी होती. हात त्याचे, वाचन माझं. कॉलेजच्या पुस्तकात त्या इंजिनावर अर्धं पान होतं. बाकी सगळं मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून छापून आणायचो आणि संध्याकाळी गाळ्यात स्टुलावर बसून मराठीत सांगायचो. दादा ऐकत ऐकत इंजिन बसवायचे नवे माउंट वेल्ड करायचा. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांबीला जुळेना, तो पांडेने कापून पुन्हा जोडून दिला. त्या छपाईतच मला महत्त्वाची गोष्ट सापडली. त्या त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना पट्टीसारख्या सील असतात आणि त्या भिंतीला घासत फिरतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून ते इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं. साध्या गाडीत तेल जळलं तर इंजिन बाद झालं समजतात, इथे जळलं नाही तर बाद होतं. हे तेल टिपकत सोडणारा छोटा पंप असतो, आमच्या इंजिनावरचा गंजून अडकला होता आणि तसा दुसरा मिळत नव्हता. छापलेल्या पानांत त्यावरचा उपाय होता: पंप काढून टाका आणि टू-स्ट्रोकचं तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळा.

"म्हणजे स्कूटरसारखं?" दादा म्हणाला.

"स्कूटरसारखंच."

"झकास! एवढं जपानी डोकं लावलं आणि शेवटी आपल्या स्कूटरवर आले."

मग गाळ्याच्या कोपऱ्यात निळसर पेट्रोलचा एक मोठा डबा कायम भरलेला असायचा. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं ती संध्याकाळ मला आठवते. आवाज साध्या गाडीसारखा धडधडणारा नव्हता, एकसलग होता, एक्सीलेटर दाबला की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा चढत जायचा आणि कुठे थांबेल असं वाटायचंच नाही. मागून पांढरा धूर आला. कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा रोज संध्याकाळी गाळ्यात येऊन बसायचे, ते उठून धुराजवळ गेले आणि हाताने वास घेतला. "धूर कित्याक सोडता ता?" त्यांनी विचारलं. "सोडतंच बाबा ते," दादा म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याचं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. ज्या माणसाने उभा जन्म यंत्रांना तेल घातलं, त्याला मशीन धूर सोडतंय हे बघवत नसणार, हे मला आज कळतं.

गाडी रस्त्यावर चालवायची नव्हतीच, तशी परवानगीही मिळाली नसती. ती ट्रॅकसाठी होती. आणि ट्रॅकसाठी म्हणूनच कोइम्बतूरचे वरदन सर तिला बघायला येणार होते. त्यांची तिकडे रेसिंगच्या गाड्या तयार करायचं वर्कशॉप होतं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने दादाचं नाव त्यांना सांगितलं होतं. त्यांना एक माणूस हवा होता, इंजिनं जुळवणारा, तिथेच राहून काम करणारा, आणि पुढे त्याला ते शिकायला बाहेरच्या देशात पाठवणार होते. दादाने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट असेल. त्याने ती कुणाला बोलून दाखवली नाही, फक्त महिनाभर तो केस कापायला दोनदा गेला आणि मला म्हणाला, "मह्या, तू त्या दिवशी कॉलेजला दांडी मार. त्यांना हिंदी येत नाही. तुझा फोन नंबर दिलाय मी, इंग्लिशमध्ये फोन आला तर मी काय करू?" सर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते.

खंडेनवमीला आम्ही दोघे घाटकोपरला रेडिएटरचे पाइप आणायला गेलो होतो. गाळ्याची चावी बाबांकडे होती. कारखान्यात असताना ते खंडेनवमीला सगळी यंत्रं रॉकेलने धुऊन काढायचे, बोल्टच्या खाचेतली घाणही खिळ्याने उकरायचे, आणि दसऱ्याला हळदकुंकू होईपर्यंत कुणाला हत्याराला हात लावू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी आमचा गाळा तसाच केला. आम्ही परतलो तर नटबोल्टचे पाने आकारानुसार लावलेले होते, भिंतीवरची जळमटं गेली होती आणि फरशीवरचे कित्येक वर्षांचे ग्रीसचे डाग निघून सिमेंटचा मूळ रंग दिसत होता. गाळाभर पेट्रोलचा वास होता. दादा म्हणाला, "बाबा, हे गॅरेज आहे का देऊळ?" बाबा हसले. "उद्या देऊळच," म्हणाले.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूची माळ घातली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, बाबांनी नारळ फोडला. आईने इंजिनाला हळदकुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "समोश्या, नीट चल रे बाबा." दादाने डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि चावी फिरवली. लिंबं चिरडली. तो मोहोळाचा आवाज इस्टेटीच्या सगळ्या गाळ्यांतून माणसं बाहेर घेऊन आला. आणि धूर नव्हता. अजिबात नव्हता. बाबा मागे जाऊन उभे राहिले आणि टाळी वाजवून ओरडले, "बगलंस? धूर गेलो!" दादाला वाटलं सील बसल्या, इंजिन जमलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दिवसभर लोक आपट्याची पानं द्यायला यायचे आणि म्हणायचे, विनू, एकदा ऐकव ना यार. तो ऐकवायचा. पांडेला शेजारी बसवून त्याने इस्टेटीला फेऱ्या मारल्या, पुरा एक्सीलेटर दाबून. पांडे उतरला. "ये समोसा नहीं है, बाप रे," एवढंच तो म्हणाला.

वरदन सर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. साठीचे, कमी बोलणारे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेले. मी त्यांना सगळं समजावलं. माउंट कसे केले, शाफ्ट कुठे जोडला, वजन कसं विभागलं. मी आदल्या रात्री वाक्यं पाठ केली होती. ते ऐकताना माझ्याकडे बघायचे, मग दादाच्या वेल्डिंगवरून बोट फिरवायचे. मग ते स्वतः गाडी घेऊन इस्टेटीच्या आतल्या रस्त्याने फेरीला गेले. आम्ही गाळ्यासमोर उभे राहिलो. आवाज लांब गेला, वळला, जवळ यायला लागला, आणि जवळ येताना मधेमधे तुटायला लागला. आमच्यापाशी गाडी येऊन थांबली तेव्हा इंजिन बंद पडलेलं होतं. सरांनी पुन्हा चावी दिली. स्टार्टर नुसता मोकळा फिरला, गर्र, गर्र, जणू त्याच्यापुढे काही नव्हतंच.

आम्ही गाडी ढकलत गाळ्यात आणली. दादाने प्लग काढून बघितले, मग तो कोपऱ्यातल्या डब्याकडे गेला. झाकण उघडलं, तळाशी उरलेल्या पेट्रोलमध्ये बोट बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं. बोट लगेच कोरडं पडलं. तेल असतं तर ते ओशट राहिलं असतं. त्याने पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं.

"डबा कोणी भरला?" त्याने विचारलं, अगदी हळू.

"मियां," बाबा म्हणाले. ते खुर्चीवरून उठले होते, चेहऱ्यावर कालचाच आनंद. "त्या पेट्रोलात तेल मिसळलेला होता रे. पंपवाल्यान फसवल्यान तुमका, म्हणान तर धूर येय. परवा मियां सगळा काढलंय, त्येनाच लादी धुतलंय, डबो साफ केलंय नि ओळखीच्या पंपावरना चांगला पेट्रोल हाडलंय." आणि मग बंद पडलेल्या इंजिनाकडे बघून, "आता ह्येका काय झाला?"

दादाने बाबांकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. बाहेर पांडेचा लेथ चालू होता. वरदन सरांनी मला इंग्रजीत विचारलं की काय झालं, कारण काय.

दादा माझ्याकडे वळला. "सांग त्यांना," तो म्हणाला, "सील जुन्याच होत्या. मी नवीन टाकल्या नाहीत. तशाच बसवल्या."

सील नव्या होत्या. मीच त्या मागवायला फोन केले होते. मी दादाकडे बघितलं, त्याने मान हलवली, फार थोडी. मला इंग्रजीत खरं सांगता आलं असतं आणि सरांखेरीज कुणाला कळलं नसतं, असं पुढे मला अनेकदा वाटलं आहे. पण पेट्रोल, ऑइल, फादर हे तीन शब्द बाबांना कळत होते, आणि त्या तीन शब्दांशिवाय ते सांगता येत नव्हतं. मी दादाचं वाक्य इंग्रजीत केलं. सरांनी ते ऐकलं, दादाकडे पाहिलं आणि भुवया किंचित वर केल्या. म्हणजे यांना माहीत होतं आणि तरी जुन्या बसवल्या, असं त्यांनी मला विचारलं. मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "हो म्हण." मी हो म्हटलं.

आईने सरांसाठी घावणे आणि नारळाचा रस पाठवला होता. त्यांनी उभ्यानेच खाल्लं, चांगलं झालंय असं खुणेने सांगितलं. जाताना माझं कॉलेज कुठलं, कितव्या वर्षाला, एवढं विचारलं आणि कळवतो म्हणाले. ते गेल्यावर बाबांनी पुन्हा विचारलं, काय झाला. "जुनं इंजिन होतं ना बाबा," दादा म्हणाला आणि साबण घेऊन हात धुवायला गेला.

नंतरच्या दिवसांबद्दल लिहायला माझ्याकडे फारसं काही नाही. रडारड झाली नाही, भांडण झालं नाही. दादाने इंजिन पुन्हा उघडलं नाही, गाडीवर ताडपत्री टाकली आणि रिक्षांची कामं घेऊ लागला. बाबा संध्याकाळी यायचे आणि ताडपत्रीवरची धूळ झटकायचे. मी परीक्षेचे फॉर्म भरले, तोंडी परीक्षा दिल्या, काय विचारलं नि काय सांगितलं ते त्याच संध्याकाळी आठवत नव्हतं. दिवाळीचा फराळ झाला. चकली तोंडात मोडल्याचा आवाज यायचा, चव काही लक्षात राहायची नाही. मी आज मुलांना इंजिनं शिकवतो. दर वर्षी ते अर्धं पान येतं, मी दहा मिनिटांत संपवतो, कुणी प्रश्न विचारत नाही. त्या दिवसांत जेवताना माझा फोन वाजला की दादाचा घास हातात थांबायचा. कॉलेजच्या मित्राचा आहे कळलं की घास पुढे जायचा. तो कधीच विचारायचा नाही. मीही आपणहून सांगायचो, "वैभवचा होता," "लायब्ररीतून होता." आई एकदा म्हणाली, "इतको येळ लावतत म्हणजे घेतले असतले."

फोन आला तेव्हा दुपार होती. आम्ही दोघे गाळ्यात खाली बसून डबा खात होतो, मध्ये वर्तमानपत्र पसरलेलं. एक बाई इंग्रजीत बोलत होती, शांत, सराईत. तिने आधी माझं पूर्ण नाव विचारून खात्री केली. मी उठून उभा राहिलो, उजवा हात पिठीने माखलेला होता. ती बोलत गेली. मी हो म्हटलं, पुन्हा हो म्हटलं, आणि एकदा विचारलं की नावात आपली काही गडबड होत नाहीये ना. नाही, ती म्हणाली, सरांनी स्वतः सांगितलंय. विचार करायला तिने आठवडा दिला.

दादा मान वर करून बघत होता. हातातला भात त्याने परत डब्यात ठेवला होता.

"कोइम्बतूर?"

"हो."

"काय म्हणाले?"

"ते जुन्या सील बसवणारा माणूस घेत नाहीत," मी म्हणालो. "इंजिन समजावून सांगणाऱ्या मुलाला बोलावलंय."